एकच प्रिंटर, तीन कागद: रंग जुळवायचा नेमका क्रम काय?

ग्रेस्केल
४४ इंची प्रिंटर, पाण्यावर आधारित पिगमेंट शाई, रिप (छपाईचं वेगळं सॉफ्टवेअर) नाही, थेट प्रिंटरच्या ड्रायव्हरमधून छपाई. कागद तीन: चकचकीत आरसी (प्लास्टिक-थराचा) फोटो पेपर, कापसाचा मॅट कागद आणि कॅनव्हास. फाइल एकच, पण निकाल तीन तऱ्हांचे. फोटो पेपरवर सगळं ठीक. कापसाच्या कागदावर ग्रे हिरवट मारतो आणि सावल्यांमधला तपशील बुजतो. कॅनव्हासवर सपाट रंगाच्या भागात आडवे पट्टे दिसतात.
प्रत्येक कागदाचं स्वतंत्र प्रोफाइल बनवलं की हे सुटतं का? की प्रोफाइलच्या आधी कॅलिब्रेशनही कागदागणिक वेगळं करावं लागतं? आणि हे सगळं किती वेळाने पुन्हा करायचं? मोजायला आयवन प्रो २ आहे.

नोझलचेक
पट्ट्यांचा आणि रंगाचा प्रश्न आधी वेगळा करा. पट्टे प्रोफाइलने कधीच जात नाहीत. क्रम असा ठेवा: नोझल तपासणी, हेड अलाइनमेंट, मग कागद सरकण्याचं ॲडजस्टमेंट. एकही नोझल बंद असेल तर पुढे जायचं नाही, कारण तीच उणीव चार्टमध्ये (मोजायच्या रंगचौकोनांच्या तावात) छापली जाते आणि प्रोफाइल ती खरी मानून बसतं.
हेड अलाइनमेंट प्रत्येक जाडीच्या कागदासाठी वेगळं करावं लागतं. हेड आणि कागद यांच्यातलं अंतर बदललं की थेंब पडायची जागा बदलते. जाता-येता छपाई चालू असेल तर हा फरक लगेच डोळ्यात भरतो.

रिपदादा
वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. आता मूळ प्रश्नाकडे.
कॅलिब्रेशन आणि प्रोफाइल ही दोन वेगळी कामं आहेत आणि लोक दोन्हींना एकच नाव देतात. कॅलिब्रेशन म्हणजे प्रिंटरला एका ठरलेल्या स्थितीत आणून बसवणं: किती टक्के मागितल्यावर किती शाई पडावी. प्रोफाइल म्हणजे त्या स्थितीत तो प्रिंटर त्या कागदावर कोणता रंग देतो याची मोजलेली नोंद. शिंप्याने माप घेतल्यावर माणूस जाड झाला तर दोष मापाचा नसतो. स्थिती हलली की प्रोफाइल निरुपयोगी, मग ते कितीही पॅच (चार्टमधले चौकोन) मोजून बनवलेलं असो.
म्हणून उत्तर: हो, दोन्ही कागदागणिक वेगळी. मॅट कागद शाई आत ओढतो, चकचकीत कागदाचा थर ती वर धरून ठेवतो. ५०% टिंट एका कागदावर ६५% सारखा दिसेल, दुसऱ्यावर ७२% सारखा.
रिप असलेल्यांसाठी पूर्ण क्रम लिहून ठेवतो.
आधी प्रत्येक रंगाची एकेकटी पट्टी ० ते १०० छापायची आणि मोजायची. सायनचे (निळसर शाईचे) ए-बी आकडे (ए: हिरवा ते लाल, बी: निळा ते पिवळा) आलेखावर टाकले तर रेषा कागदाच्या पांढऱ्यापासून निघून बाहेर जात राहते, आणि एका ठिकाणाहून वळून आत यायला लागते किंवा निळ्याकडे झुकते. त्याला हुक म्हणतात. हुक जिथे सुरू होतो, तिथे त्या शाईची मर्यादा. त्यापुढची शाई रंग वाढवत नाही, फक्त कागद भिजवते. मॅजेंटाचंही तसंच. पिवळ्यात हुक फारसा दिसत नाही, तिथे क्रोमा (रंगाची तीव्रता) वाढायचा थांबतो ती जागा बघायची.
मग लिनियरायझेशन, म्हणजे मागितलेले टक्के वाढतील तशी छटाही समान पायऱ्यांनी वाढेल असं बसवणं. त्याला २१ पायऱ्यांची पट्टी पुरते.
त्यानंतर एकूण शाईची (सगळ्या शायांच्या टक्क्यांच्या बेरजेची) मर्यादा. २००% पासून ४००% पर्यंतच्या मिश्रणांचे चौकोन छापा, मधून पांढऱ्या बारीक रेषा आणि उलटी छोटी अक्षरं ठेवा. पाच मिनिटांनी बघा: रेषा भरून आली का, कागद लाटा मारतो का, बोट फिरवल्यावर काळं निघतं का. जिथे पहिली खोट दिसेल त्याच्या १० ते २० टक्के खाली थांबा. सुरुवातीसाठी अंदाज: फोटो पेपर २६० ते ३००, कोटेड मॅट २२० ते २६०, साधा विनाकोट कागद २०० च्या आतबाहेर. अंदाज तो अंदाजच, खरा आकडा तुमचा कागदच सांगेल.
आणि सगळ्यात शेवटी प्रोफाइल.

कागदवेडी
रिपदादांनी रिपचं सांगितलं. ड्रायव्हरवाल्यांकडे शाईची मर्यादा थेट नसते, त्यांच्या हातात ती "मीडिया टाइप" (कागदाचा प्रकार) या एका निवडीत दडलेली असते. ही निवड फक्त नाव नाही. तिच्यामागे शाईचं प्रमाण, काळी शाई फोटो ब्लॅक की मॅट ब्लॅक, हेडची उंची, कागद सपाट धरणाऱ्या व्हॅक्यूमचा जोर आणि दोन पासांमधला (हेडच्या फेऱ्यांमधला) वाळण्याचा वेळ एवढं सगळं बांधलेलं असतं.
ग्रेस्केल, कापसाच्या कागदावर नुसता १००% काळा चौकोन छापा आणि एल (उजळपणा: ० काळा, १०० पांढरा) मोजा. मॅट ब्लॅक शाईने चांगल्या कोटेड कापसावर तो १६ ते १८ च्या आसपास यायला हवा. २३-२५ आला तर बहुतेक मीडिया टाइप चुकीचा आहे आणि फोटो ब्लॅक पडतेय. चकचकीत कागदावर हाच आकडा ३ ते ५ पर्यंत खाली जातो, म्हणून तिथे सगळं ठीक दिसतं. उलट चूक केली, म्हणजे चकचकीतवर मॅट ब्लॅक, तर ती चिकटतच नाही, पुसली जाते.
दुसऱ्या कंपनीचा कागद असेल तर तीन-चार जवळचे मीडिया टाइप निवडून तोच छोटा चार्ट प्रत्येकात छापा. ज्यात काळा सर्वात गडद, गडद निळे-हिरवे एकमेकांपासून वेगळे आणि शाई साचलेली नाही, तो ठेवा. प्रोफाइलच्या आधीचा हा अर्धा तास सगळ्यात मोलाचा असतो.

पॅच९१८
एक वेगळं मत मांडतो. कागद बनवणाऱ्या कंपन्या आपापल्या कागदांची तयार प्रोफाइलं देतात, त्यांच्या जोडीला कोणता मीडिया टाइप निवडायचा तेही लिहिलेलं असतं. हल्लीचे प्रिंटर कारखान्यातून एकमेकांच्या खूप जवळ निघतात. बहुतेक कामांना तयार प्रोफाइल पुरतं. सगळ्यांनीच चार्ट मोजत बसायची गरज नाही.

रिपदादा
@पॅच९१८, नवा प्रिंटर, त्याच कंपनीची शाई आणि नेमका तोच कागद असेल तर मान्य, आणि सुरुवात तिथूनच करावी. पण जुनं हेड, बदललेला लॉट किंवा दमट खोली यांपैकी एक जरी आलं तरी तयार प्रोफाइल मोजमापापासून दूर जातं. किती दूर गेलं हे डोळ्याने ठरवू नका. त्याच प्रोफाइलने चाचणी चार्ट छापून मोजा. सरासरी डेल्टा ई २००० (दोन रंगांतला मोजलेला फरक) अडीचच्या आत असेल तर ठेवा. मुख्य छपाईआधी रंग दाखवणाऱ्या नमुना प्रिंटसाठी, म्हणजे प्रूफसाठी, आयएसओ १२६४७-७ मध्येही सरासरीला हीच सीमा आहे, आणि कागदाच्या रंगाला ३.

पॅच९१८
मोजून ठरवायचं, हे मान्य. माझा मुद्दा एवढाच की आधी तयार प्रोफाइल तपासा, मग नवं करायचं ठरवा.

ग्रेस्केल
मोजलं. कापसाच्या कागदावर काळा एल २४.६. मीडिया टाइप फोटो पेपरचाच राहिला होता. आता कापसाच्या कागदाचा निवडून १७.१ आला. सावल्या बऱ्याच उघडल्या. ग्रे अजून हिरवट आहे. चार्ट छापताना ड्रायव्हरमध्ये रंग व्यवस्थापन कसं बंद करायचं ते कोणी सांगेल का?

मोजपट्टी
चार्ट छापताना कुठेही रंग बदलता कामा नये: ना ॲपमध्ये, ना ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, ना ड्रायव्हरमध्ये. फोटोशॉपमध्ये "रंग व्यवस्थापन नाही" हा पर्याय सीएस५ पासून काढून टाकला आहे. त्यासाठी ॲडोबीची कलर प्रिंटर युटिलिटी आहे, किंवा यंत्राच्या आयवन प्रोफायलर सॉफ्टवेअरमधून थेट छापा. ड्रायव्हरमध्ये रंग सुधारणा "ऑफ". आकार १००% ठेवा, "पानात बसवा" ला हात लावू नका. पॅच लहान झाले तर यंत्र ओळ वाचताना घोळ घालतं.
चार्टमध्ये प्रोफाइल जोडलेलं नको. रिझोल्यूशन, पास आणि एकदिशा-दोनदिशा छपाई पुढे कामाला जे वापरणार तेच चार्टलाही. त्यातलं एक जरी बदललं तरी शाईचं प्रमाण बदलतं.
आणि रोजच्या छपाईत प्रोफाइल एकाच ठिकाणी लागलं पाहिजे. फोटोशॉपने लावलं आणि ड्रायव्हरनेही लावलं की दुहेरी होतं: चेहरे मॅजेंटाकडे जातात, सावल्या जड होतात. असं दिसलं तर प्रोफाइलला दोष देण्याआधी ड्रायव्हरची खिडकी उघडा.
ड्रायव्हरमधून छापताय तर प्रोफाइल आरजीबीच बनवा. शाया १२ असल्या तरी ड्रायव्हर आरजीबी घेतो आणि शाईत रूपांतर स्वतः करतो. सीएमवायके प्रोफाइल रिपसाठी.

शून्यडेल्टा
पॅच किती हा प्रश्न येणारच. ९००-१००० पॅच बहुतेक कागदांना पुरतात. १५०० च्या वर जाण्यात फायदा तेव्हाच, जेव्हा आधीचं लिनियरायझेशन वाकडं आहे, आणि तेव्हा खरं तर लिनियरायझेशन सुधारायला हवं. पॅच वाढवून वाकडी स्थिती सरळ होत नाही. ग्रेच्या जवळचे पॅच मात्र जास्त घ्या, कारण डोळा तिथेच सगळ्यात कडक असतो. आर्गिल सॉफ्टवेअरमध्ये चार्ट बनवणाऱ्या टार्जेनला ग्रेच्या पायऱ्या वेगळ्या सांगता येतात.

रंगमापी
ग्रेस्केल, हिरवटपणावर एक तपासणी. अंधारात अतिनील टॉर्च कागदावर मारा. निळा चमकतो का? चमकला तर कागदात ऑप्टिकल ब्राइटनर (अतिनीलात निळी चमकून कागद जास्त पांढरा भासवणारी रसायनं) आहेत. कापसाचा कागद म्हणजे ब्राइटनर नाहीत असं गृहीत धरू नका, बऱ्याच "ब्राइट व्हाइट" कापसात ते असतात.

ग्रेस्केल
चमकतो, चांगलाच. कोऱ्या कागदाचा बी एम० या मोजणी-पद्धतीत −५.८ आणि एम२ मध्ये −०.९.

रंगमापी
इथेच दुखणं आहे. एम० आणि एम२ मध्ये जवळजवळ पाचाचा फरक म्हणजे तो निळेपणा कागदाचा नाही, अतिनील प्रकाशाने उठवलेला आहे. यंत्राच्या दिव्यात अतिनील होतं म्हणून त्याला कागद निळा दिसला. प्रोफाइलने तो निळा ग्राह्य धरला आणि ग्रेमध्ये पिवळ्याची भर घातली. तुम्ही प्रिंट बघता तिथल्या प्रकाशात तेवढं अतिनील नाही, त्यामुळे निळा गायब आणि घातलेला पिवळा उघडा पडला. ग्रेमध्ये आधीच थोडा सायन असतो, तो मिळून हिरवट.
आयएसओ १३६५५ मधल्या पद्धती थोडक्यात: एम० म्हणजे जुना टंगस्टन दिवा, अतिनीलाचं प्रमाण ठरलेलं नाही. एम१ म्हणजे अतिनीलासकट डी५० (दिवसाचा प्रमाणित प्रकाश). एम२ म्हणजे अतिनील गाळून. एम३ म्हणजे ध्रुवीकरण फिल्टरने चमक काढून.
घरात, दालनात, एलईडीखाली किंवा काचेमागे लागणाऱ्या प्रिंटसाठी एम२ घ्या.

शून्यडेल्टा
सरसकट एम२ ला माझा विरोध आहे. बघण्याची पेटी आयएसओ ३६६४:२००९ प्रमाणे असेल तर तिच्यात अतिनील मोजून दिलेलं असतं, आणि प्रूफ तिथे बघितलं जाणार असेल तर एम१ च बरोबर. आजचे बहुतेक ऑफसेट संदर्भ आकडेही एम१ मध्येच आहेत. एम२ ने मोजून एम१ च्या आकड्यांशी तुलना केली तर कागदच नापास होतो.

रंगमापी
@शून्यडेल्टा, प्रूफसाठी मान्य, तिथे एम१. इथे प्रश्न भिंतीवर लागणाऱ्या प्रिंटचा आहे. साध्या पांढऱ्या एलईडीची ऊर्जा ४५० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्यापासून सुरू होते, ब्राइटनरला जागं करणारं त्याखालचं फारसं नसतंच. प्रिंट कोणत्या प्रकाशात राहणार हे आधी ठरवायचं, मोजण्याची पद्धत मग त्यावरून.

शून्यडेल्टा
असं असेल तर हरकत नाही. ग्रेस्केल, आयवन प्रो २ ला पट्टीवर एम१ आणि एम२ साठी प्रत्येक ओळ दोनदा वाचावी लागते, तेवढा वेळ हाताशी ठेवा. आणि ब्राइटनर वर्षानुवर्षांत थकतात, कागद पिवळसर होतो. दीर्घकाळ टिकवायच्या कामाला ब्राइटनर नसलेला कागदच निवडावा.

नोझलचेक
वाळण्याबद्दल कोणी लिहिलं नाही. ओला चार्ट मोजू नका. पिगमेंट शाई फोटो पेपरवर तासाभरात बरीचशी स्थिर होते, तरी प्रोफाइलसाठी रात्रभर ठेवणं चांगलं. डाय शाईला २४ तास द्याच. इको-सॉल्व्हंटमध्ये सॉल्व्हंट उडून जाईपर्यंत रंग हलतो, लॅमिनेशनलाही म्हणूनच दिवसभर थांबतात. लॅटेक्स शाई मशीनमधून शिजूनच बाहेर येते, ती लगेच मोजली तरी चालते.
खोलीची आर्द्रता ४० ते ६०% मध्ये धरा आणि रोल वापरण्याच्या आदल्या दिवशी त्याच खोलीत आणून ठेवा. कोरडा कागद कड उचलतो आणि हेड घासतं. दमट कागद शाई पसरवतो.

कागदवेडी
चार्टखाली काय आहे तेही बघा. पातळ कागद टेबलावर ठेवून मोजला तर टेबलाचा रंग आकड्यात उतरतो. त्याच कागदाचे दोन-तीन कोरे ताव खाली घाला. कापसाच्या मॅट कागदावर यंत्र थेट घासत नेऊ नका, यंत्र सरकवायची पट्टी वापरा. पृष्ठभागावरची शाई ओढली जाऊन शेजारच्या फिक्या चौकोनावर जाते आणि तो पॅच खोटा वाचला जातो.

ताणा_बाणा
कॅनव्हासचं मी लिहितो.
पट्टे पांढरे असतील तर कागद गरजेपेक्षा जास्त सरकतोय, गडद असतील तर कमी. फीड ॲडजस्टमेंट त्या रोलसाठी करून त्याच मीडिया नावाखाली साठवा. जड कॅनव्हासचा रोल भरलेला असताना आणि संपत आलेला असताना ओढ वेगळी असते, म्हणून अर्धा संपलेल्या रोलवर केलेलं ॲडजस्टमेंट जास्त काळ चालतं. व्हॅक्यूम वाढवला तरी सरकणं बदलतं, तेव्हा आधी व्हॅक्यूम ठरवा, मग फीड. त्यावर पास वाढवा.
मोजताना विणीचा त्रास होतो. वीण एका दिशेने प्रकाश वेगळा परतवते. आयवन प्रो २ चं तोंड ४.५ मिलिमीटरचं, त्यात दोन-चार धागेच येतात. चार्ट मोठ्या पॅचचा घ्या, एकदा उभा आणि एकदा ९० अंशांत फिरवून मोजा, दोन्हींची सरासरी वापरा. आयवन प्रो ३ प्लसला ८ मिलिमीटरचं तोंड आहे, ते अशाच पृष्ठभागांसाठी.
आणि वार्निश! वार्निशनंतर काळा आणखी खोल जातो आणि रंग चढतात. प्रिंट वार्निश करूनच जाणार असेल तर चार्टलाही तेच वार्निश, तितकेच थर, पूर्ण वाळवून, मग मोजणी.

निळीशाई
थोडं अवांतर. बॅकलिट फिल्मलाही हेच लागू का?

ताणा_बाणा
नाही. तिथे प्रकाश मागून येतो, शाई जास्त लागते, आणि परावर्तनाने मोजलेलं प्रोफाइल फिकं पडतं. पारगमन मोजणारं यंत्र हवं. सविस्तर हवं असेल तर वेगळा धागा काढा, इथे भरकटेल.

मोजपट्टी
सावल्यांच्या बाजूने एक राहिलं. प्रोफाइल कितीही चांगलं असलं तरी मॅट कागदाचा काळा एल १७ ला थांबतो. त्याखालचं फाइलमधलं सगळं तिथेच गोळा होणार. छापताना सापेक्ष रंगमितीय इंटेंट (कागदावर न बसणारे रंग कसे बदलायचे त्याची रीत) आणि ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन चालू ठेवा, म्हणजे सावल्या चिरडण्याऐवजी वर सरकतात. अतिसंतृप्त रंगांची चित्रं असतील तर पर्सेप्च्युअलही छापून बघा. कोणता चांगला हे चित्रागणिक ठरतं. अॅब्सोल्यूट फक्त प्रूफला, नाहीतर कागदाचा पांढरा दुसऱ्या कागदाच्या रंगाने भरून निघतो.
सॉफ्ट प्रूफमध्ये (पडद्यावरच्या नमुन्यात) ते आधीच दिसतं, पण पडदा ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर इतकाच उजळ हवा. ३०० वर ठेवलेल्या पडद्यासमोर प्रत्येक प्रिंट काळीच वाटणार.

ग्रेस्केल
एम२ मध्ये पुन्हा मोजून प्रोफाइल केलं. मधला ग्रे आधी ए −२.४, बी +३.९ होता, आता ए −०.३, बी +०.५. खिडकीजवळच्या उजेडात तोच ग्रे किंचित निळसर दिसतो, एलईडीखाली तटस्थ. कॅनव्हासचं फीड बदललं, पट्टे गेले, मोजणी वार्निश वाळल्यावर. आता शेवटचा प्रश्न उरला: किती वेळाने?

रिपदादा
खिडकीजवळचा निळसरपणा ब्राइटनरचाच, तो त्या कागदाबरोबर राहणार.
कॅलेंडर लावून प्रोफाइल करू नका. ३०-४० पॅचची एक नियंत्रण पट्टी ठरवा. नवं प्रोफाइल तयार झालं की त्याच दिवशी ती छापून वाळवून मोजा आणि ते आकडे संदर्भ म्हणून ठेवा. सीएमवायके प्रूफवाल्यांना फोग्रा या जर्मन संस्थेची ७२ पॅचची मीडिया वेज ही तयार पट्टी आहेच. मग दर आठवड्याला, आणि नवा लॉट, नवं हेड किंवा ऋतुबदल झाला की लगेच, तीच पट्टी मोजा. सरासरी फरक १ च्या आत, काही करू नका. १ ते २ मध्ये, नोझल आणि अलाइनमेंट बघून पुन्हा छापा. २ च्या वर, आधी पुन्हा लिनियरायझेशन. ड्रायव्हरवाल्यांनी प्रिंटरचं स्वतःचं कॅलिब्रेशन चालवावं, एचपीच्या झेड मालिकेत त्यासाठी आतच स्पेक्ट्रो (रंग मोजणारं यंत्र) आहे, कॅननच्या इमेजप्रोग्राफ प्रोमध्ये सेन्सर. जुन्या स्थितीवर परत आला तर जुनंच प्रोफाइल चालतं. नाही आला तरच नवं.

कागदवेडी
नवा लॉट आला की पट्टी छापण्याआधी कोऱ्या कागदाचा एल-ए-बी मोजा. पांढराच १ पेक्षा जास्त हलला असेल तर बाकीचे आकडे हलणारच, प्रिंटरला उगाच दोष नको. आणि सुट्या तावांची बाजू कळत नसेल तर ओलसर बोट कोपऱ्याला लावा, चिकटते ती कोटेड बाजू.

मोजपट्टी
प्रोफाइलच्या नावात प्रिंटर, कागद, मीडिया टाइप, रिझोल्यूशन, एम-पद्धत आणि तारीख घाला. ग्रेस्केल, तुमच्याकडे आता कापसाच्या कागदाची दोन प्रोफाइलं आहेत, एम० चं आणि एम२ चं. जुनं यादीतून काढून टाका, नाहीतर छापणारा घाईत तेच उचलेल.

ग्रेस्केल
काढलं. बॅकलिटचा धागा निळीशाई काढताहेत, तिथे ताणा_बाणा यांची वाट बघतो.